राब, कोळसाभट्टी आणि बायोचार

बायोचार म्हणजे जमिनीत मिसळण्यासाठी तयार केलेला कोळसा. लाकूड, भाताचे तूस, उसाचे पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या असा कोणताही वनस्पतिजन्य माल हवा कोंडून तापवला, की त्यातले पाणी आणि पेट घेणारे वायू निघून जातात आणि मागे काळा, हलका, सच्छिद्र कोळसा उरतो. तो शेगडीत किंवा लोहाराच्या भट्टीत गेला तर कोळसाच राहतो. शेतात गेला आणि मातीत मुरला तर त्याला बायोचार म्हणतात. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाने आपल्या शब्दसूचीत हा भेद नोंदवून ठेवला आहे. कोळसा आणि बायोचार यांना वेगळे करणारी गोष्ट तिथे एकच सांगितली आहे, ती म्हणजे वापर.

पदार्थाला त्याच्या मुक्कामावरून नाव पडावे, हे विज्ञानात थोडे अपवादात्मक आहे. त्यामुळे हा शब्द समजून घ्यायला प्रयोगशाळेइतकीच उपयोगी पडते ती अशी जागा, जिथे लोक पाला, फांद्या, लाकूड आणि तूस पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या हेतूंनी जाळत आले आहेत. ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड तालुके तसे आहेत. शेणवा, किन्हवली, डोळखांब, सरळगाव, धसई, टोकावडे या पट्ट्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजले जातात. इथले कातकरी कोळसा पाडण्याच्या कामात मुरलेले आहेत. भातगिरण्यांतून निघणारे तूस वीटभट्ट्यांत जळते. या तिन्ही आगी वेगळ्या आहेत आणि बायोचार या शब्दाची व्याख्या त्या तिघींवर घासून पाहिली की त्यातला नेमका अर्थ हाती लागतो.

आधी ज्या मोठ्या कामाच्या संदर्भात हा शब्द वापरला जातो ते काम पाहायला हवे. हवेत आधीच जमा झालेला कार्बन डायॉक्साइड माणसाने मुद्दाम बाहेर काढायचा आणि तो माती, खडक, समुद्र किंवा टिकाऊ वस्तू यांत दीर्घकाळ साठवून ठेवायचा, याला कार्बन काढून घेणे म्हणतात. दगडी कोळशावर चालणाऱ्या कारखान्याच्या धुराड्यात वायू पकडून तो जमिनीखाली सोडला, तर हवेत पडणारी नवी भर टळते, पण आधीचा साठा तेवढाच राहतो. म्हणून ते काम यात धरत नाहीत. आपोआप वाढणाऱ्या जंगलाने शोषलेला वायूही यात येत नाही, कारण त्यामागे माणसाचा प्रयत्न नसतो. मुद्दाम लावलेले जंगल मात्र येते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार जगभर माणसाच्या प्रयत्नाने वर्षाला सुमारे २.२ अब्ज टन कार्बन डायॉक्साइड हवेतून काढला जातो आणि त्यातला जवळजवळ सगळा वाटा झाडांचा आहे. बायोचारसह सगळ्या नव्या पद्धतींचा मिळून वाटा वर्षाला १३ लाख टनांच्या आसपास भरतो. खनिज इंधनांतून त्याच काळात वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन वायू हवेत जातो. हे आकडे सुरुवातीलाच समोर असलेले बरे, म्हणजे पुढच्या वर्णनात कोणाला चमत्कार दिसणार नाही.

झाड वाढते तेव्हा ते हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन त्यातल्या कार्बनपासून आपले खोड, पाने, मुळे घडवते. वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी जवळपास निम्मा भाग कार्बनचा असतो. पान गळते, फांदी कुजते, वाळवी आणि बुरशी आपले काम करतात आणि तो कार्बन पुन्हा हवेत जातो. पाल्याच्या बाबतीत हे काही महिन्यांत होते, ओंडक्याच्या बाबतीत काही वर्षांत. जाळले तर काही मिनिटांत. बायोचार या फेऱ्यात मध्येच अडसर घालतो. हवा कोंडून ३५० ते ७०० अंश सेल्सियसपर्यंत तापवल्यावर लाकडातल्या कार्बनचे अणू एकमेकांना घट्ट धरून षटकोनी कड्यांच्या पापुद्र्यांसारखी रचना करतात. मातीतल्या जिवाणूंना ती फोडणे फार अवघड जाते. मूळ मालातला साधारण अर्धा कार्बन या क्रियेत वायूंबरोबर निघून जातो. उरलेला अर्धा शतकानुशतके टिकण्याच्या स्थितीत येतो. हवेतून काढण्याचे काम झाड करते. माणसाकडे फक्त तो परत जाऊ न देण्याचे काम उरते.

आता राब. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागात रोपे लवकर आणि जोमदार उगवून येणे महत्त्वाचे असते. म्हणून खाचराच्या एका कोपऱ्यात किंवा थोड्या उंचवट्याच्या तुकड्यावर रोपवाटिकेची जागा उन्हाळ्यात भाजून घेतात. खाली शेणाचा थर, त्यावर ऐनासारख्या झाडांच्या छाटून वाळवलेल्या फांद्या आणि पाला, मग गवत किंवा पेंढा आणि वरून बारीक माती, अशी रचना असते. आग वाऱ्याच्या उलट अंगाने लावतात, म्हणजे ती धावत सुटत नाही, सावकाश सरकते आणि खालची माती खोलवर तापते. तणाचे बी मरते, किडींची अंडी मरतात, राखेतले क्षार मातीला मिळतात. पहिल्या पावसानंतर तिथे भात पेरला जातो आणि तयार झालेले आवण पुढे खाचरात लावले जाते.

या पद्धतीने शेतकऱ्याला जंगलाशी बांधून ठेवले. ठाणे जिल्ह्यात भातजमिनीला जोडून असलेल्या वरकस जमिनी प्रामुख्याने राबाचा पाला आणि गवत यांसाठीच राखल्या जात. त्या पुरेनात तेव्हा शेतकरी शेजारच्या रानातून कवळ, म्हणजे पाल्यासह फांद्या, तोडून आणत. १८७८ च्या वन कायद्यानंतर ही रानेही सरकारी राखीव क्षेत्रात जाऊ लागली आणि राबासाठी फांद्या तोडणे हा हक्क की सवलत, यावरून मोठा संघर्ष उभा राहिला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. वनाधिकाऱ्यांच्या लेखी राब म्हणजे झाडांची नासाडी होती. शेतकऱ्यांच्या लेखी राबाशिवाय भातच नव्हता. मग राबाने नेमके काय होते याची तपासणी सुरू झाली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह पश्चिम भारतातल्या राब पद्धतीचा रासायनिक अभ्यास केला आणि तो १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. राखेच्या खताबरोबरच माती तापल्याने तिच्या गुणांत होणारा बदल हे राबाच्या यशाचे मोठे कारण आहे, ही समजूत अशा अभ्यासांतून पक्की झाली. शेतकऱ्याची रीत अडाणीपणाची नव्हती, हे सिद्ध व्हायला एवढी वर्षे जावी लागली, ही त्या काळच्या कारभाराची उणीवच म्हणायला हवी.

हवामानाच्या चर्चेत अलीकडे राबाचा उल्लेख दोन टोकांनी होतो. एका टोकाला तो प्रदूषण म्हणून, दुसऱ्या टोकाला पूर्वजांचा बायोचार म्हणून. दोन्ही वर्णने चुकीची आहेत. राब उघड्यावर जळतो. वरच्या मातीच्या थरामुळे आगीचा वेग थोडा मंदावतो आणि काळे तुकडे मागे राहतात हे खरे, पण हवा भरपूर मिळत असल्याने बहुतेक कार्बन जळून जातो आणि हाती लागते ती राख. राखेत चुना, पालाश, सिलिका असते. टिकाऊ कार्बन फार थोडा असतो. राब भाजणाऱ्याला हव्या असतात उष्णता आणि राख, आणि त्या दोन्हींसाठी पाला पूर्ण जळणेच सोयीचे. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर छाटलेला ऐन पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुटतो आणि गेलेला कार्बन बराचसा परत घेतो. धुराचा त्रास आणि जंगलावरचा ताण हे राबाचे खरे प्रश्न आहेत, पण पेट्रोल किंवा दगडी कोळसा जाळून कोट्यवधी वर्षे गाडलेला कार्बन वर आणण्याशी त्याची बरोबरी होत नाही.

दुसरी आग कोळसाभट्टीची. कातकरी समाजाचे नाव खैराच्या लाकडापासून काथ काढण्याच्या धंद्याशी जोडलेले आहे. जंगलावरचे निर्बंध वाढले, खैर दुर्मीळ झाला, तसा तो धंदा गेला आणि ठाणे-रायगडातली अनेक कातकरी कुटुंबे कोळसा पाडण्याच्या कामाला लागली. पावसाळा संपला की व्यापाऱ्याकडून उचल घेऊन बाहेरच्या जिल्ह्यांत भट्ट्यांवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परतायचे, असे हे वर्ष असते. उचलीच्या हिशेबात अडकून वेठबिगारीची पाळी आल्याची प्रकरणे याच कामातून पुढे आली आणि श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांनी त्यांविरुद्ध लढे दिले. भट्टीच्या शास्त्राविषयी लिहिताना हा भाग वगळणे योग्य होणार नाही, कारण ज्या हातांना हे शास्त्र सर्वांत जास्त अवगत आहे त्यांना त्याचा मोबदला सर्वांत कमी मिळाला आहे.

शास्त्र असे. लाकडे दाटीने रचायची, पाल्याने झाकायची, वरून माती लिंपायची आणि हवेसाठी मोजकी भोके ठेवून आत आग सोडायची. सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो. तो लाकडातल्या पाण्याचा. मग धुराला पिवळट झाक येते आणि उग्र वास सुटतो, तेव्हा लाकूड फुटून त्यातले वायू आणि डांबरी द्रव निघत असतात. शेवटी धूर विरळ आणि निळसर होतो. त्या क्षणी भोके बुजवली नाहीत, तर आतला कोळसाच जळायला लागतो आणि सगळी मेहनत राख होते. मातीच्या साध्या भट्टीत लाकडाच्या वजनाच्या साधारण दहा ते पंचवीस टक्के कोळसा मिळतो. त्यातला फरक बहुतांशी भट्टी लावणाऱ्याच्या नजरेचा असतो. लाकूड न जाळता तापवणे, हेच बायोचार बनवण्याचे तंत्र आहे आणि कातकरी ते तापमापक न लावता करतात.

पण या भट्टीतला माल शहरातल्या तंदूरमध्ये आणि इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीत जातो, तिथे जळतो आणि त्यातला कार्बन हवेत परततो. राबात जागा शेताची असते, पण क्रिया जाळण्याची. भट्टीत क्रिया कोळशाची असते, पण शेवट आगीत. बायोचारला भट्टीची क्रिया आणि राबाची जागा अशा दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. शहापूर-मुरबाडच्या अनुभवातून या शब्दाची इतकी नेमकी व्याख्या मिळते.

महाराष्ट्रातच याचे आणखी एक उदाहरण आहे. उसाच्या पाचटापासून कोळसा करून त्याच्या कांड्या बनवण्याचे तंत्र पुण्याच्या आरती या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने विकसित केले आणि त्याला २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेतात पेटवून दिले जाणारे पाचट स्वयंपाकाच्या धूरविरहित इंधनात बदलणारे ते मोलाचे काम होते. तरीही तो कोळसा बायोचार नव्हे, कारण कांडी जळण्यासाठीच बनलेली. मराठीत बायोचारला कधी कधी जैविक कोळसा म्हणतात. त्या नावाने गोंधळ वाढतो, कारण कारखान्यांच्या बॉयलरसाठी भुसा दाबून केलेल्या इंधनकांड्यांनाही बाजारात तेच नाव चालते.

शब्दाचा इतिहास मात्र कोकणाबाहेर घडला. कोळसा हा मराठी शब्द आधी लाकडाच्या कोळशासाठी होता. खाणीतला आला तेव्हा त्याला दगडी हे विशेषण लावावे लागले. इंग्रजीतही कोल हा शब्द आधी निखाऱ्यासाठी आणि लाकडी कोळशासाठी होता आणि जहाजाने लंडनला येणाऱ्या खाणीतल्या मालाला समुद्री कोळसा म्हणत. पुढे खाणीचा माल इतका वाढला, की साधा शब्द त्याने बळकावला आणि लाकडाच्या कोळशाला चारकोल हे वेगळे नाव उरले. बायोचारमधला चार हा त्याच चारकोलचा तुकडा. जैविक मालापासून इंधनतेल काढणाऱ्या अभियंत्यांच्या लिखाणात तेल काढल्यावर उरणाऱ्या घन भागासाठी असा शब्द आधीपासून तुरळक सापडतो. तिथे त्याचा शेतीशी काही संबंध नव्हता.

शेतीत कोळसा वापरण्याची चाल शब्दाहून खूप जुनी आहे. जपानच्या मियाझाकी यासुसादा यांच्या १६९७ सालच्या शेतीविषयक ग्रंथात टाकाऊ माल भाजून त्यात मैला मुरवून खत करण्याची रीत दिली आहे. भाताच्या तुसाचा कोळसा, ज्याला तिकडे कुंतान म्हणतात, जपानी रोपवाटिकांत आजही वापरला जातो. १९८४ च्या कायद्याखाली जपानने कोळशाला भूसुधारकांच्या यादीत अधिकृत जागा दिली. मात्र जगाचे लक्ष वेधून घेतले ते ॲमेझॉनच्या काळ्या मातीने. त्या जंगलातली बहुतेक जमीन पिवळट, निकस असताना नदीकाठी ठिकठिकाणी काळ्याभोर, सुपीक मातीचे तुकडे आढळतात. पोर्तुगीज भाषेत त्यांना तेरा प्रेता, म्हणजे काळी माती म्हणतात. तिच्यात मडक्यांच्या खापऱ्या, हाडे, माशांचे काटे आणि भरपूर कोळसा सापडतो. युरोपीय येण्यापूर्वी तिथे राहणाऱ्या लोकांच्या हातून ती घडली आणि शेकडो, काही ठिकाणी दोन हजारांहून अधिक वर्षे टिकली. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रोक यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात तिचे तपशीलवार वर्णन केले.

हवेतला कार्बन कमी करण्यासाठी कोळसा करून साठवावा, अशी सूचना वॉल्टर झाइफ्रिट्झ यांनी १९९३ मध्ये एका शोधनिबंधात केली. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी वळले नाही, कारण जळू शकणारा माल गाडून टाकण्यात कोणालाच लाभ दिसत नव्हता. मातीची सुपीकता आणि कार्बनची साठवण हे दोन धागे एकत्र आले ते २००० नंतर. मातीत घालायच्या कोळशासाठी बायोचार हा शब्द २००५ च्या सुमारास रूढ करण्याचे श्रेय न्यूझीलंडचे अर्थशास्त्रज्ञ पीटर रीड यांना दिले जाते. त्याच सुमारास ॲग्रिचार हा दुसरा शब्दही चालू होता. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात टेरिगल इथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे नाव ॲग्रिचार परिषद असेच होते. पण ॲग्रिचार हे एका कंपनीचे व्यापारी नाव होते. सगळ्यांना मोकळेपणाने वापरता येईल असा शब्द हवा म्हणून संशोधकांनी बायोचार स्वीकारला आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही आपले नाव त्याप्रमाणे बदलले. कॉर्नेल विद्यापीठाचे योहानेस लेमन आणि ऑस्ट्रेलियाचे स्टीफन जोसेफ यांनी संपादित केलेला ग्रंथ २००९ मध्ये आला, तेव्हापासून शास्त्रीय लेखनात हाच शब्द स्थिर झाला.

त्याच वर्षी या कल्पनेला विरोधही झाला. शंभराहून अधिक पर्यावरण आणि शेतकरी संघटनांनी निवेदन काढून इशारा दिला, की कोळशाच्या नावाखाली मोठ्या कंपन्या गरीब देशांतल्या जमिनींवर एकाच जातीची झाडे लावतील आणि स्थानिकांना हुसकावतील. जंगल आणि वरकस यांवरून दीडशे वर्षे भांडलेल्या प्रदेशाला ही भीती अनोळखी वाटू नये. त्यानंतर घडलेल्या मानकांवर या टीकेचा परिणाम दिसतो. २०१२ मध्ये युरोपात बायोचारच्या प्रमाणपत्राची पद्धत सुरू झाली. कोणता माल वापरला, कोळशात हायड्रोजन आणि कार्बन यांचे प्रमाण किती, जड धातू आणि विषारी संयुगे मर्यादेत आहेत का, हे सारे त्यात तपासले जाते. हायड्रोजनचे प्रमाण जितके कमी, तितका कोळसा पक्का भाजलेला आणि टिकाऊ.

टिकाऊपणाचा अंदाज कसा करायचा, याचे आकडे आयपीसीसीच्या २०१९ च्या सुधारित पद्धतीत मिळतात. ६०० अंशांहून अधिक तापमानाला केलेल्या बायोचारमधला ८९ टक्के कार्बन शंभर वर्षांनंतर मातीत उरेल असे तिथे धरले आहे. ४५० ते ६०० अंशांसाठी हा आकडा ८० टक्के आणि ३५० ते ४५० अंशांसाठी ६५ टक्के आहे. कार्बनचे मूळ प्रमाण मालावर अवलंबून असते. लाकडाच्या कोळशात ते सरासरी ७७ टक्के, तर भाताच्या तुसाच्या किंवा पेंढ्याच्या कोळशात ४९ टक्के धरतात, कारण भातात सिलिका फार. एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायॉक्साइड. या हिशेबाने कडक आचेवर केलेल्या लाकडाच्या एक टन बायोचारमागे सुमारे अडीच टन वायू शंभर वर्षांसाठी अडकतो. मंद आचेवर केलेल्या तुसाच्या एक टन कोळशामागे १.२ टनांहूनही थोडा कमी. यातून भट्टीच्या धुरातला मिथेन, वाहतुकीचे डिझेल आणि सुकवण्याची ऊर्जा वजा करावी लागते. मातीच्या बंद भट्टीतून न जळलेले वायू बरेच बाहेर पडतात, त्यामुळे तिचा हिशेब इथे घसरतो. स्वित्झर्लंडमध्ये २०१४ च्या सुमारास पुढे आलेल्या कोन-टिकी नावाच्या शंकूच्या आकाराच्या उघड्या भट्टीत आग वरच्या थरावर ठेवतात. खालून येणारे वायू त्या ज्वाळांत जळून जातात आणि ज्वाळाच खालच्या कोळशाला हवा मिळू देत नाहीत. शेवटी पाणी ओतून विझवायचे. तसाच शंकूसारखा खड्डा जमिनीत खणूनही काम भागते, म्हणून छोट्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमांत ही रीत पसरली.

अडकलेल्या प्रत्येक टनाची नोंद करून तिची विक्री करणारा बाजारही उभा राहिला आहे. फिनलंडच्या पुरो डॉट अर्थ या व्यासपीठाने २०१९ पासून बायोचारच्या नोंदी विकायला सुरुवात केली. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने वराह या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत १ लाख टन कार्बन डायॉक्साइड काढल्याच्या नोंदी घेण्याचा करार जाहीर केला. गुजरातेत माजलेली वेडी बाभूळ तोडून तिचा बायोचार करणे हा त्या प्रकल्पाचा आधार आहे. अशा व्यवहारांत कोळसा मातीत पडल्याचा पुरावा मागितला जातो. तो जाळला गेला तर नोंद रद्द. व्यापारी करारातही शब्दाचा अर्थ शेवटी मुक्कामावर येऊन थांबतो.

शेतकऱ्याला यातून काय मिळते, याचे उत्तर मातीवर अवलंबून आहे. अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात उष्ण कटिबंधातल्या पिकांचे उत्पादन बायोचारमुळे सरासरी २५ टक्क्यांनी वाढलेले दिसले, तर समशीतोष्ण देशांत सरासरी काहीच वाढ दिसली नाही. अतिपावसाने धुपलेल्या, आम्लधर्मी, निकस जमिनीत लाभ अधिक. नुसता ताजा कोळसा टाकला तर तो मातीतले नत्र काही काळ धरून ठेवतो आणि पीक पिवळे पडू शकते. म्हणून तो आधी शेणखतात किंवा गोमूत्रात मुरवावा लागतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या जपानी ग्रंथातली रीतही हीच होती. खरी अडचण प्रमाणाची आहे. या चाचण्यांत हेक्टरी पंधरा टनांच्या आसपास कोळसा घातलेला असतो, आणि एक-दीड एकर भात करणाऱ्या कुटुंबाला इतका कोळसा आणणे शक्य नाही.

कोकणात मात्र याला जवळ जाणारी एक शिफारस कधीपासून आहे. डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री भात लागवडीचे पहिलेच सूत्र भाताच्या तुसाच्या काळ्या राखेविषयी आहे. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो काळी राख मिसळायची. तिच्यातल्या सिलिकेमुळे रोपे ताठ आणि निरोगी होतात, खोडकिडीला सहज बळी पडत नाहीत. राख पांढरी नको, काळी हवी, हा आग्रह लक्षात घेण्याजोगा आहे. काळेपणा न जळलेल्या कार्बनचा असतो. म्हणजे अर्धवट जळालेले तूस हा काही प्रमाणात कोळसाच. क्रिया भट्टीच्या जवळची आणि जागा राबाची, असा मेळ इथे बसतो. हेतू सिलिकेचा असल्याने त्यातल्या कार्बनचे मोजमाप कोणी मागितले नाही आणि मोजल्याशिवाय त्याला कार्बन काढून घेणे म्हणता येत नाही. पण एक हेक्टर भातासाठी रोपवाटिका लागते ती दहा गुंठ्यांची. तेवढ्या जागेला हजार किलोपर्यंत काळी राख पुरते, आणि हे प्रमाण शेतकऱ्याच्या आवाक्यातले आहे. राबासाठी फांद्या छाटण्याची गरजही त्याने कमी होते.

तूस मिळणे हा मात्र वेगळा प्रश्न आहे. भाताच्या वजनापैकी सुमारे एक पंचमांश तूस निघते, आणि गिरणीत साठलेले ते तूस फुकट पडून राहत नाही. वीटभट्टीवाले विकत नेतात, हीच सुरुवातीला सांगितलेली तिसरी आग. ते शेताकडे वळवले आणि वीटभट्टीने त्याऐवजी दगडी कोळसा आणला, तर मातीत अडकलेल्या कार्बनमधून त्या दगडी कोळशाचा धूर वजा होतो. मंद आचेच्या तुसाच्या कोळशात मुळातच टनामागे १.२ टनांहून कमी वायू अडकत असल्याने अशा बदलीत हाती काहीच न उरण्याची शक्यता असते. गिरणीमागे कुजणाऱ्या किंवा उघड्यावर पेटवून दिल्या जाणाऱ्या तुसाचा हिशेब वेगळा येतो. तिथे अडवलेला प्रत्येक किलो कार्बन हवेत जाणारच होता, म्हणून तो पूर्ण जमेस धरता येतो. त्यामुळे एकाच तालुक्यातल्या दोन गिरण्यांचे तूस, एकाच भट्टीत, एकाच तापमानाला भाजले आणि एकाच शेतात टाकले, तरी एकाच्या बाबतीत कार्बन काढला गेला असे लिहिता येते आणि दुसऱ्याच्या बाबतीत येत नाही.